पावसाळ्यातही शेणाचे पो कुरणात तसेच पडून राहतात: शेणकिडे कमी झाले असतील का?

सिमरोळचे शेत (१२ ऑगस्ट)

नमस्कार. इंदूर-खंडवा रस्त्यावर सिमरोळच्या पुढे आमची नऊ एकर जमीन आहे. तीन एकर काळ्या जमिनीत आम्ही सोयाबीन आणि गहू घेतो. उरलेली सहा एकर मुरमाड आणि उताराची असून आजोबांच्या काळापासून ती गवतासाठीच राखलेली आहे. सध्या १४ जनावरे आहेत. त्यांत बहुतेक माळवी, दोन गीर आणि चार वासरे आहेत. पावसाळ्यात ती सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत याच कुरणात चरतात.

गेल्या तीन पावसाळ्यांपासून एक गोष्ट माझ्या लक्षात येत आहे. कुरणात पडलेले शेणाचे पो नाहीसे होत नाहीत. वरून साय धरल्यासारखे कडक होतात, पावसाने थोडे पसरतात आणि दिवाळीपर्यंत काळपट थापीसारखे जागेवरच राहतात. बाबा सांगतात की पूर्वी आर्द्रा नक्षत्र लागले की सकाळचा पो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहावा तर तिथे फक्त चाळणीसारखा भुसा आणि भोवती ओल्या मातीच्या ढिगल्या दिसत असत. मलाही लहानपणी काळे किडे गोळे लोटत नेताना पाहिल्याचे स्पष्ट आठवते. गावात त्यांना गुबरैला म्हणतात. आई शेणकिडा म्हणते. यंदा मला गोळा लोटणारा एकही किडा दिसलेला नाही.

मी थोडा हिशेब मांडला. आठ तासांत एक जनावर साधारण पाच वेळा शेण टाकते असे धरले, तर दिवसाला सुमारे ७० पो पडतात. एका पोचा व्यास एक फूट धरला, तरी रोज पाच चौरस मीटर गवत झाकले जाते आणि १२० दिवसांत ६०० चौरस मीटर. जनावरे पोच्या भोवतीचे अर्धा फूट गवतही तोंडात घेत नाहीत. ते धरले तर क्षेत्र चौपट होते, म्हणजे अर्ध्या एकराहून अधिक. सहा एकरांच्या कुरणात हे नुकसान लहान नाही. शिवाय माश्या वाढल्या आहेत आणि दोन गाईंच्या डोळ्यांतून सतत पाणी येते.

मागील तीन-चार वर्षांत काय बदलले, याचाही विचार केला. शेजारची चरनोई, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली चराईची जमीन, नांगरून तिथे सोयाबीन होऊ लागले. आमच्याकडे येणारे पशुवैद्य जून महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरअखेर सर्व जनावरांना जंत आणि गोचीड या दोन्हींसाठी एकच इंजेक्शन देतात. त्याआधी फक्त तोंडाने पाजायचे औषध असे. कुपीवर आयव्हरमेक्टिन असे लिहिलेले आहे. या गोष्टींचा आणि किडे न दिसण्याचा काही संबंध असू शकतो का? आणि असल्यास मी नेमके काय करावे?

रामबागकर (१३ ऑगस्ट)

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि निवृत्तीनंतर चोरल, मानपूर आणि राळामंडळच्या परिसरात कीटक पाहण्यासाठी हिंडतो. आपला प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उघड्यावर पडलेला पो तीन वाटांनी नाहीसा होतो: ऊन-पावसाने त्याचा भुगा होतो, वाळल्यावर त्याला वाळवी खाते आणि ओला असताना शेणकिडे त्याला जमिनीत नेतात. माळव्यात उन्हाळ्यात वाळवीचे काम मोठे असते, परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत जवळजवळ सगळी भिस्त शेणकिड्यांवर असते. ते नसतील तर आपण वर्णन केले आहे तसेच घडते.

या किड्यांच्या कामाच्या तीन तऱ्हा आहेत. काही लहान किडे पोच्या आतच राहतात, तिथेच खातात आणि तिथेच अंडी घालतात. दुसरे, पोच्या थेट खाली किंवा कडेला बिळे खणून शेणाचे घास खाली नेतात. बाबांना आठवणाऱ्या ओल्या मातीच्या ढिगल्या या खोदणाऱ्यांच्या असतात. तिसरे गोळे लोटणारे, ज्यांना आपण लहानपणी पाहिले. गोळे लोटणारे दिवसाढवळ्या दिसतात म्हणून ते लक्षात राहतात, पण शेण पुरण्याचे मोठे काम आपल्याकडे ओन्थोफॅगस, ओनिटिस आणि कॅथार्सियस या गटांतील खोदणारे किडे करतात, आणि त्यांतले कित्येक रात्री येतात. त्यामुळे गोळा लोटणारा दिसला नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. पोखालची माती उकरून पाहावी.

खाली नेलेल्या शेणाचे मादी घट्ट गोळे किंवा कांड्या करते आणि प्रत्येकात एक अंडे घालते. अळी त्या गोळ्याच्या आतच वाढते, तिथेच कोष करते आणि वाफसा मिळाला की प्रौढ किडा वर येतो. प्रौढ किड्याचे तोंड मऊ असते. तो शेणातला रस आणि बारीक कण गाळून खातो. गोळ्यातला जाडाभरडा भाग चावून खाण्याचे काम अळीचे. या सगळ्या उद्योगात जमिनीचा फायदा असा की, शेण मुळांच्या पट्ट्यात पोहोचते, बिळांतून हवा आणि पाणी आत जाते आणि खालची माती वर येते. मुरमाड उतारावर याला विशेष महत्त्व आहे, कारण तिथे पावसाचे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. उघड्यावर वाळणाऱ्या पोतील नत्राचा मोठा वाटा अमोनियाच्या रूपाने हवेत जातो. पुरलेल्या शेणातील नत्र मातीत राहते आणि गवताला मिळते.

इथे मला इंदूरचीच एक गोष्ट आठवते. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती-उद्योग संस्थेत कंपोस्टची जी पद्धत विकसित केली आणि जी पुढे जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली, तिच्यात शेण, काडीकचरा, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचा हवा आणि ओलावा सांभाळून थर लावला जातो. शेणाला माती, हवा आणि ओल एकत्र मिळाली पाहिजे, हे त्या पद्धतीचे मर्म. शेणकिडा पोच्या खाली वीतभर खोलीवर नेमके हेच करतो, आणि तेही कुदळ-फावड्याशिवाय, जिथे पो पडला तिथेच.

माश्यांविषयी. घरमाशीची अंडी ताज्या शेणात एका दिवसाच्या आत उबतात आणि उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार होते. म्हणून पहिले काही तास निर्णायक असतात. किडे वेळेवर आले तर ते पो पोखरून कोरडा करतात आणि अळ्यांचे अन्न उरत नाही. त्यांच्या अंगावर चिकटून सूक्ष्म कोळीवर्गीय जीवही येतात. ते पोवर उतरून माशीची अंडी आणि लहान अळ्या खातात. मात्र गोठ्यातल्या ओल्या वैरणीत आणि मूत्राने भिजलेल्या कडब्यात वाढणाऱ्या चावऱ्या माश्यांवर शेणकिड्यांचा काही उपयोग नाही. त्यासाठी गोठाच कोरडा ठेवावा लागतो.

किडे नसतील तर एखाद्या देशाचे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तिथे १७८८ मध्ये युरोपीय वसाहतीबरोबर गुरे आली. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या, लेंडीसारख्या विष्ठेला सरावलेले होते. गाईचा मोठा, ओला पो त्यांतील बहुतेकांच्या उपयोगाचा नव्हता. पो महिनोन्‌महिने पडून राहत, कुरण वाया जाई आणि माश्यांचे थवे माणसांना बाहेर बसू देत नसत. हंगेरीहून तिथे गेलेल्या जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाने हा फरक ओळखला आणि त्यांच्या आग्रहाने तिथल्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेने १९६८ ते १९८४ या काळात बाहेरून आणलेल्या ४३ जाती सोडल्या. त्यांपैकी २३ स्थिरावल्या. रोग येऊ नयेत म्हणून किडे थेट न आणता त्यांची अंडी निर्जंतुक करून, हाताने वळलेल्या शेणगोळ्यांत ठेवून वाढवली जात. एवढा खटाटोप त्यांना करावा लागला. आपल्याकडे मात्र हे किडे मुळातच आहेत, कारण गुरे आणि म्हशी इथल्याच आहेत. म्हणून आपला प्रश्न किडे आणण्याचा नसून ते कशामुळे कमी झाले हे शोधण्याचा आहे.

मिथेनचा मुद्दा सध्या बराच चर्चेत असतो, म्हणून एक खुलासा. शेणकिड्यांनी पोखरलेल्या पोतून मिथेन कमी सुटतो, असे फिनलंडमधील २०१३ च्या एका प्रयोगात आढळले. परंतु त्याच प्रयोगात नायट्रस ऑक्साइड वाढलेलेही आढळले. शिवाय गाईचा बहुतेक मिथेन तिच्या तोंडावाटे, रवंथाच्या क्रियेतून बाहेर पडतो. त्यामुळे किडे वाचवण्याचे कारण म्हणून मी हवामानबदल पुढे करणार नाही. गवत, माती आणि माश्या ही तीन कारणे पुरेशी भक्कम आहेत.

आता आपल्या शंकेकडे येतो. आयव्हरमेक्टिन जनावराच्या शरीरात फारसे मोडत नाही. त्याचा मोठा भाग पित्तावाटे आतड्यात उतरून शेणातून बाहेर पडतो, आणि शेणातही ते अळ्यांना मारते. ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्या वासरांच्या पोटात हे औषध हळूहळू सोडणारी मोठी गोळी ठेवली होती, त्यांच्या शेणाचे पो विघटित होण्यास फारच विलंब लागला. इंजेक्शनचा परिणाम तितका दीर्घ नसतो, परंतु काही आठवडे राहतो. मुख्य अडचण अशी की प्रौढ किडे सहसा लगेच मरत नाहीत. ते येतात, शेण पुरतात, अंडी घालतात, आणि अळ्या आत मरून जातात. पहिल्या वर्षी मालकाला काहीच वेगळे दिसत नाही. तूट पुढच्या पावसाळ्यात उघड होते. स्पेनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये असेही दाखवले की अल्प मात्रेतही या औषधामुळे प्रौढ किड्यांची वास घेण्याची आणि हालचालीची शक्ती मंदावते.

माशीच्या अळ्याही त्या शेणात मरतातच. पण माशी एका खेपेला शंभराच्या घरात अंडी घालते आणि दोन आठवड्यांत पुन्हा उभी राहते. या किड्यांच्या मुख्य कुळातील मादीला तर एकच अंडाशय असतो आणि मोठ्या जातींची मादी एका हंगामात मोजकेच गोळे करते. दोघांना सारखाच फटका बसला, तरी सावरण्याचा वेग सारखा नसतो. आपल्याकडे जूनचे इंजेक्शन नेमके त्या दिवसांत पडते, जेव्हा पहिल्या पावसाने जमीन मऊ होऊन किडे वर आलेले असतात आणि वर्षातले मुख्य प्रजनन सुरू होते. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

शेजारची चरनोई नांगरली जाणे हेही लहान कारण नाही. शेणगोळे वीतभर ते हात-दीड हात खोलीवर असतात. नांगराचा तास तिथपर्यंत गेला की गोळे उघडे पडून वाळतात. म्हणजे आपल्या कुरणातले किडे कमी होत असताना बाहेरून येणारी भरही तुटली. दोन्ही कारणे एकत्र आली असावीत असे मला वाटते, पण आधी मोजून पाहू या. बादलीत पाणी घेऊन त्यात रात्रभर पडलेला एक पो, खालच्या बोटभर मातीसह, हलकेच सोडावा. काही मिनिटांत किडे तरंगू लागतात. मोजून त्यांना सोडून द्यावे.

पागनीसपागा (१३ ऑगस्ट)

आमच्या कुटुंबाकडे देवगुराडियाच्या बाजूला एका लहान गोशाळेची व्यवस्था आहे. माझ्या दोन शंका आहेत आणि त्या मी विरोधासाठी नव्हे, तर निर्णय घ्यायचा आहे म्हणून विचारते.

पहिली अशी की, आम्ही शेण रोज गोळा करतो. त्यातून गोवऱ्या आणि शेणखत होते आणि गोशाळेचा निम्मा खर्च त्यावर निघतो. मग शेण जमिनीवर पडू देऊन किड्यांना द्यावे, हे आमच्यासारख्यांना कसे परवडेल? दुसरी शंका अधिक गंभीर आहे. उकिरडा उपसताना अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या निघतात. आमचे शेतगडी त्यांना हुमणी म्हणतात आणि दरवर्षी खतात कीटकनाशकाची भुकटी मिसळतात, कारण गेल्या वर्षी भुईमुगाची मुळे हुमणीने खाल्ली होती. या अळ्या शेणकिड्यांच्या असतील तर आम्ही चूक करत आहोत, आणि हुमणीच्या असतील तर शेणखतच शेताला अपाय करते, असे म्हणावे लागेल. यातले खरे काय?

महूकर पशुवैद्य (१४ ऑगस्ट)

मूळ प्रश्नातील औषधाच्या भागापुरते लिहितो, कारण अशा चर्चेनंतर काही पशुपालक जंताचे औषध पूर्ण बंद करतात आणि वासरे दगावतात. तसे कृपया कोणीही करू नये. जंतांनी पोखरलेले वासरू महिनाभरात खंगते; त्याला औषध हवेच.

आपल्याकडे येणाऱ्या पशुवैद्यांनी चुकीचे औषध दिले, असे मी म्हणणार नाही. आयव्हरमेक्टिन प्रभावी आहे. त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि माणसांमधील नदी-अंधत्व या रोगाविरुद्ध त्याने केलेले काम अमूल्य आहे. प्रश्न आहे तो सर्व जनावरांना, वर्षातून दोनदा, तपासणीविना देण्याचा. प्रौढ गाईंमध्ये बहुतेक गोलकृमींविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. त्यांच्या शेणात जंतांची थोडी अंडी सापडली तरी त्या आजारी नसतात. खरी गरज वासरांना, नुकत्याच व्यालेल्या अशक्त गाईंना आणि तपासणीत मोठी संख्या आढळलेल्या जनावरांना असते. आपल्या १४ पैकी अशी जनावरे पाच-सहाच निघतील. उरलेल्यांचे शेण औषधमुक्त राहिले, तर किड्यांना आसरा मिळतो आणि जंतांमध्ये औषधाला न जुमानण्याची प्रवृत्तीही उशिरा येते, कारण औषध न लागलेल्या जंतांची वस्ती शिल्लक राहते.

म्हणून सप्टेंबरपूर्वी प्रत्येक जनावराचे ताजे शेण, जमिनीला न लागलेले, लहान डबीत घेऊन त्याच दिवशी तपासणीस द्यावे. जिल्हा पशुचिकित्सालयात किंवा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठी चौकशी करावी. ज्यांना औषध द्यायचे ठरेल, त्यांच्यासाठी फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल गटातील औषध आपल्या पशुवैद्यांशी बोलून निवडता येईल. या गटाची शेणकिड्यांना होणारी बाधा आयव्हरमेक्टिनच्या तुलनेत फारच कमी आहे. गाभण काळाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल टाळतात, एवढे लक्षात ठेवावे. दुसरे, आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळणारे असल्यामुळे दुधातही उतरते; ज्या गाईचे दूध घरात किंवा डेअरीत जाते तिला ते देणे योग्य नाही. हा मुद्दा किड्यांइतकाच महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे त्याकडे सर्रास दुर्लक्ष होते.

गोचिडांची अडचण उरतेच, कारण फेनबेंडाझोलने गोचीड मरत नाहीत. परंतु पोट भरलेली गोचिडीण जनावरावरून खाली पडते आणि गोठ्याच्या भिंतींतील भेगांत, दगडांच्या सांध्यांत अंडी घालते. भेगा लिंपून बुजवणे, कोपऱ्यांतला कचरा जाळणे आणि रोज हाताने खरारा करणे याने अर्धे काम होते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही पाठीवर ओतायची किंवा फवारायची औषधेही शेणात उतरून किड्यांना मारतात, म्हणून इंजेक्शन सोडून त्यांच्याकडे वळणे हा उपाय ठरत नाही.

एखाद्या जनावराला आयव्हरमेक्टिनशिवाय गत्यंतर नसेल, उदाहरणार्थ खरजेसाठी, तर त्याला दोन-तीन आठवडे गोठ्यातच बांधून चारावे आणि त्याचे शेण वेगळे करून खड्ड्यात कुजवावे. आणि ज्यांना संपूर्ण कळपाला द्यावेच लागते, त्यांनी जूनऐवजी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावे. त्या दिवसांत किडे जमिनीखाली असतात, पो काही तासांत वाळतो आणि ऊन-उष्णतेने औषधाचे विघटनही लवकर होते.

रामबागकर (१४ ऑगस्ट)

डॉक्टरांनी दुधाचा मुद्दा मांडला, याबद्दल त्यांचे आभार. तो माझ्या लक्षात आला नव्हता.

पागनीसपागा ताई, आपली दुसरी शंका आधी घेतो. उकिरड्यातल्या अंगठ्याएवढ्या अळ्या बहुधा गेंडा भुंग्याच्या असतात. त्या कुजलेल्या खतावर जगतात, जिवंत मुळे खात नाहीत. त्यांचा प्रौढ भुंगा मात्र नारळ आणि शिंदीच्या शेंड्यात शिरून नुकसान करतो. हुमणी वेगळी. तिचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या किंवा मृगाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब आणि बाभळीचा पाला खातात आणि जमिनीत अंडी घालतात. अळी मातीत मोकळी फिरते आणि भुईमूग, सोयाबीन, ऊस यांची मुळे खाते. न कुजलेले शेणखत घातलेल्या शेतात हुमणी अधिक आढळते, म्हणून खत पूर्ण कुजवून घालावे, हा सल्ला बरोबर आहे. शेणकिड्याची अळी या दोन्हींहून निराळी: ती नेहमी शेणाच्या गोळ्यात बंद असते, तिच्या पाठीवर मध्यभागी कुबड असते आणि गोळा फुटला तर तिला नीट चालताही येत नाही. पीक खाणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तिन्ही नात्याने एकमेकांच्या जवळच्या आहेत आणि तिन्ही पांढऱ्या, वळलेल्या असतात, म्हणून गड्यांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. पण भुकटी टाकण्यापूर्वी अळी कुठे सापडली हे विचारावे. मुळाशी मोकळ्या मातीत असेल तर हुमणी, उकिरड्यात असेल तर गेंडा भुंगा, कुरणात गोळ्याच्या आत असेल तर शेणकिडा. हुमणीसाठी भुंगेऱ्यांच्या काळात संध्याकाळी झाडे हलवून ते गोळा करणे अधिक उपयोगी पडते, आणि ते गावाने मिळून केले तरच.

शेण गोळा करण्याविषयी माझे मत सांगतो. गोठ्यातले शेण उचलावेच; त्याचे खत होते आणि गोठ्यात माश्या कमी होतात. कुरणात पडलेले मात्र पावसाळ्यात उचलू नये. ओल्या दिवसांत त्याच्या गोवऱ्या नीट वाळत नाहीत, त्यामुळे तुमचे नुकसान फारसे नाही, आणि किड्यांना वर्षभराचे अन्न त्याच चार महिन्यांत मिळवायचे असते. गोशाळेला स्वतःचे कुरण नसेल आणि गाई दिवसभर बांधलेल्या असतील, तर हा प्रश्न तुमच्यापुरता उद्‌भवतच नाही.

सिमरोळचे शेत (२ सप्टेंबर)

उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. सतत पाऊस होता. सांगितल्याप्रमाणे बादलीत पाहिले. आमच्या कुरणातील पाच पो तपासले. त्यांत अनुक्रमे ३, ०, १, ६ आणि २ किडे निघाले, सर्व तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. नंतर चोरलच्या बाजूला, जंगलाच्या कडेला चरणाऱ्या गावठी गुरांचे तीन पो पाहिले. त्या गुरांना कधीच इंजेक्शन दिले जात नाही, असे गुराख्याने सांगितले. तिथे मला मोजणे कठीण झाले. पहिल्याच पोत चाळिसाहून अधिक निघाले, आणि एकाच्या खाली डोक्यावर शिंग असलेला, जांभळाएवढा काळा किडा सापडला. पो उचलला तेव्हा खालची माती अशी भुसभुशीत होती की बोट सहज आत गेले. आमच्या कुरणात पोखालची माती बाहेरच्यासारखीच घट्ट होती. हे पाहून वाईट वाटले, कारण दोन्ही ठिकाणांत सात-आठ किलोमीटरचेच अंतर असेल.

शेणतपासणीही झाली. १४ पैकी तीन वासरे आणि एक गाय यांनाच औषधाची गरज निघाली. पशुवैद्यांशी सविस्तर बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि या चौघांना फेनबेंडाझोल देण्यास होकार दिला. सप्टेंबरचे सामूहिक इंजेक्शन यंदा देणार नाही. गोठ्याच्या दगडी भिंतीच्या भेगा बाबांनी स्वतः माती-शेणाने लिंपल्या.

आता एकच विचारायचे आहे. चोरलच्या बाजूचे शंभरएक किडे आणून आमच्या कुरणात सोडले तर चालेल का, की ते आपोआप येतील? आणि पुढची मोजणी केव्हा करावी?

रामबागकर (३ सप्टेंबर)

शिंग असलेला मोठा किडा बहुधा कॅथार्सियसचा नर असावा. छायाचित्र काढता आले तर जरूर टाकावे.

किडे आणण्याची घाई करू नये. हे कीटक शेणाच्या वासावर दूरवर उडत जातात आणि आपल्या दोन जागांच्या मध्ये चरणारी गुरे असतील, तर ते टप्प्याटप्प्याने येतील. सोडलेले किडे बहुधा त्याच रात्री उडून जातात. त्यापेक्षा कुरणाच्या बाजूला विजेचा दिवा असेल तर त्याकडे लक्ष द्यावे: रात्री उडणारे किडे त्याकडे खेचले जातात आणि सकाळी पक्ष्यांच्या तोंडी पडतात. दिवा गोठ्याच्या आतल्या बाजूला वळवावा किंवा गरज नसताना बंद ठेवावा. दुसरे, औषध दिलेल्या चौघांना आठवडाभर वेगळे चारता आले तर उत्तम. फेनबेंडाझोलमुळे फार बिघडणार नाही, पण सुरुवातीलाच स्वच्छ शेण जितके मिळेल तितके बरे. तिसरे, बांधालगतची दहा-पंधरा फुटांची पट्टी कधीही नांगराखाली येऊ देऊ नये.

मोजणी या महिन्यात आणखी एकदा, पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी करावी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर थांबवावी. जमीन वाळू लागली की किडे खाली जातात. मग रिकामी बादली पाहून चुकीचा अर्थ काढला जाईल. त्यानंतरची मोजणी पुढच्या वर्षी मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर चौथ्या किंवा पाचव्या दिवशी, त्याच पाच जागी आणि सकाळी सात वाजता, म्हणजे रात्री आलेले आणि पहाटे आलेले दोन्ही हाती लागतील. पहिल्या वर्षी आकडा फारसा बदललेला दिसला नाही तरी नोंद ठेवावी; यंदाच्या अळ्यांचे प्रौढ पुढच्या पावसाळ्यातच वर येणार आहेत.